निम्मं दुखणं

४ फेब्रुवारी

शेंडेफळास,

फोन का उचलत नाही म्हणून तू तीन मेसेज पाठवलेस. उचलत नाही, कारण फोनवर मी ‘बरी आहे’ म्हणते. जिभेला सवयच लागलीये. समोर तुझे भावोजी जेवत असतात, आतल्या खोलीत सासूबाई कान टवकारून असतात आणि पलीकडून तू घाईत विचारतोस, ‘काय, बरी ना?’ एवढ्या जणांपुढे दुसरं उत्तर निघत नाही. कागदावर निघेल असं वाटतंय, म्हणून हा उद्योग.

तर ऐक. बरी नाहीये मी. नागीण होऊन सात महिने झाले. पुरळ गेलं, खपल्या पडल्या, डाव्या बरगडीवर चार फिकट डाग उरलेत. वरून बघणाऱ्याला वाटतं, संपलं. आतून मात्र तोच चटका आहे. शर्ट घासला तरी जीव जातो. आणि माझा धंदा कोणता? बारा मीटरची बस चालवायची, पट्टा बांधून. तो पट्टा नेमका त्याच बरगडीवरून जातो. ब्रेक दाबला की आवळतो. गर्दीच्या रस्त्यावर तासाला किती वेळा ब्रेक दाबावा लागतो ते मोजायला एकदा माझ्या मागच्या सीटवर येऊन बस.

म्हणून मी डाव्या हाताचा अंगठा पट्ट्याखाली घालून तो अंगापासून लांब धरते. दोन महिने धरतेय. मागच्या सोमवारी केबिनमधल्या कॅमेऱ्यानं ते टिपलं. ‘एका हाताने वाहन चालवणे, प्रवाशांचा जीव धोक्यात घालणे.’ नोटीस आली आहे. डेपोच्या डॉक्टरनं शर्ट वर करून पाहिलं आणि लिहून दिलं, ‘त्वचा स्वच्छ, कामास योग्य.’ त्वचा स्वच्छ! मी काय घासून ठेवलेलं पातेलं आहे?

अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे. बेशिस्तीचा ठपका बसला तर मला पुन्हा बस मिळणार नाही. बावीस वर्षांत एकाही माणसाला खरचटलं नाही माझ्या हातून. मला फक्त एवढंच हवंय की दुखणं ओसरेपर्यंत स्टिअरिंगवरून उतरवून नव्या चालकांना शिकवायच्या कामाला लावा. पण त्यासाठी दुखतंय हे कुणीतरी मानायला हवं ना!

मेंदूची चित्रं काढणाऱ्या तुमच्या त्या मशीनमध्ये मी दोनदा झोपले. नागीण ताजी असताना एकदा आणि परवा जानेवारीत एकदा. नागिणीच्या दुखण्यातून बरं होताना माणसाच्या मेंदूत काय चालतं ते तुम्ही बघताय, असं तूच म्हणाला होतास. मग माझ्या डोक्याचं जे काही निघालं असेल ते पाठव. साहेबाच्या टेबलावर आपटते.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू इतकं सोसत असशील याची कल्पना नव्हती.

आधी एक सांगतो. तुझ्यासारखं डोकं स्थिर ठेवणारं माणूस आमच्याकडे आलेलं नाही. लोक नाक खाजवतात, झोपी जातात, एकानं तर आत गाणं म्हटलं होतं. तू चाळीस मिनिटं सरळ समोर बघत पडलीस, बस चालवतेस तशी. त्यामुळे तुझी चित्रं अगदी स्वच्छ आली आहेत.

पण चित्राबद्दल तुझा गैरसमज झालाय. मशीन दुखण्याचा फोटो काढत नाही. मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त धावतंय, कुठले भाग एकमेकांशी जुळवून काम करताहेत, एवढंच त्यात कळतं. मग ज्यांचं दुखणं गेलं अशा वीसेक जणांची चित्रं एकीकडे ठेवायची, ज्यांचं राहिलं त्यांची दुसरीकडे, आणि दोन ढिगांत काय फरक पडतो ते बघायचं. फरक ढिगांत दिसतो. एकट्या माणसाचं चित्र हातात घेऊन ‘हिला दुखतंय’ असं हे संशोधन चालवणाऱ्या आमच्या मॅडमही सांगू शकत नाहीत. त्यामुळे ते साहेबापुढे ठेवून काही उपयोग व्हायचा नाही.

तू चांगल्या डॉक्टरला दाखव. या दुखण्यावर वेगळ्या गोळ्या असतात. आणि तोवर पट्ट्याखाली मऊ टॉवेल घडी करून ठेवून बघ.

तुझा शेंडेफळ


१३ फेब्रुवारी

टॉवेलवाल्यास,

टॉवेल! सात महिने मी काय केलं असं तुला वाटतं? टॉवेल झाला, स्पंजचा तुकडा झाला, सासूबाईंच्या जुन्या शालीची घडी झाली. नुसतं कापड टेकलं तरी आग होते असं लिहिलं होतं मी, आणि तू त्यावर आणखी कापड सुचवतोस. पत्र वाचतोस की नुसता वास घेतोस?

गोळ्या चालू आहेत. त्या घेतल्या की पेंग येते, आणि पेंगत बस चालवायची नसते म्हणून त्या मी सुट्टीच्या दिवशीच घेते. म्हणजे आठवड्यातून एक दिवस मी माणसात असते.

आणि हे ढिगांचं काय काढलंस? मी सहा तास प्रवास करून आले. अंगावर गाऊनसुद्धा सहन होत नव्हता तरी त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात गपचूप पडले, कारण तू म्हणालास, ‘ताई, तुझ्यासारख्यांच्या कामी येईल.’ मी तुझ्यासारख्यांच्या कामी आले. तू माझ्या कामी कधी येणार?

चित्राचा उपयोग नसेल तर नसो. पण मी कुठल्या ढिगात आहे ते तर कागदावर असेलच की! तेवढं लिहून दिलं तरी पुरे. ‘ही बाई दुखणं राहिलेल्यांत आहे’, सही, शिक्का. मी तुमच्या मॅडमच्या ऑफिसला आजच अर्ज पाठवतेय. माझे कागद थेट डेपोच्या पत्त्यावर पाठवा अशी परवानगीही सही करून दिली आहे. तुला त्रास नको.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अर्ज पाठवला नसशील तर पाठवू नकोस. पाठवला असशील तर मागे घे. ऑफिसच्या कागदांची भाषा वेगळी असते, बाहेरच्या माणसाला त्याचा भलताच अर्थ लागतो. उगाच गुंता होईल. मी काहीतरी दुसरी व्यवस्था बघतो. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून चिठ्ठी आणतो. मला दहा दिवस दे.

फोन उचल ना.

तुझा शेंडेफळ


१ मार्च

श्रीमान तंत्रज्ञ महोदयांस,

काल चौकशी झाली. तू हजर नव्हतास तरी तुझं अक्षर हजर होतं.

खोली लहान, लांब टेबल. एका बाजूला डेपो मॅनेजर, त्याच्याशेजारी तो पातेली तपासणारा डॉक्टर. माझ्या बाजूला युनियनच्या बाई आणि तुझे भावोजी. मी सांगायला सुरुवात केली तर मॅनेजरनं हात वर केला. म्हणाला, ‘बाई, तुम्हीच मागवलेले कागद आलेत, तेच वाचू या.’ आणि मोठ्यानं वाचलं. ‘सहभागी क्रमांक एकोणीस. गट : वेदनेतून बरे झालेले. सहा महिन्यांनंतरची वेदना : दहापैकी तीन.’ मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. युनियनच्या बाई टेबलाखाली बघायला लागल्या. माझ्यासाठी तासभर भांडायची तयारी करून आल्या होत्या बिचाऱ्या.

 तुझ्या भावोजींचा चेहरा मी वाचला. ‘म्हणजे हिला एवढं काही होतच नव्हतं.’

फॉर्मची प्रत मी मागून घेतली. तो तीनचा आकडा तुझाच आहे. वरची रेघ सपाट, खालची शेपटी लांब. शाळेत बाई त्यावरून तुला ओरडायच्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

हो, मी तीन म्हणाले होते. मशीनच्या खोलीबाहेर त्या अरुंद बाकावर बसले होते, अंगावर तो निळा गाऊन, तू हातात पॅड घेऊन उभा. ‘गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं? शून्य ते दहा.’ मी म्हटलं, तीन. पण विचारणारा कोण होता? परका कुणी असता तर गोष्ट वेगळी. तू होतास! आपल्या घरात तीन म्हणजे किती, हे तुला माहीत नाही?

आईचं हृदय अधू म्हणून बाबांनी नियम घातला होता, दुखणं निम्मं सांगायचं. तू भिंतीवरून पडलास, चार टाके पडले, आईला सांगितले दोन. माझा ताप एकशे तीन, तर आईला सांगायचं अंग जरा कोमट आहे. आई गेली तरी आपण निम्मंच सांगत राहिलो आणि ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात दुप्पट करायचं, हेही कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या तीनचे तू सहा करायला हवे होतेस. जगात एकच माणूस उरलाय ज्याला हे येतं, आणि तोच पेन घेऊन समोर उभा होता.

बाबा गेले त्या दिवशी त्यांनी छातीला हात लावून ‘जरा जड वाटतंय’ म्हटलं तेव्हाही तूच घरी होतास. तू चहा ठेवलास. तेव्हा मी तुला एका शब्दानं बोलले नाही, एकोणीस वर्षांचा होतास. आता किती आहेस?

पुढची तारीख पंचवीस मार्च. तोवर बस बंद, केबिनची चावी जमा.

तुझी कुणी नाही, सहभागी क्रमांक एकोणीस


५ मार्च

ताई,

तू रागावणार हे मला ठाऊक होतं. पण माझी बाजू ऐक. आमच्याकडे नियम आहे की माणूस जो आकडा सांगेल तोच लिहायचा. त्यात आपल्या मनानं काही वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. मी तुझे सहा लिहिले असते तर तो खोटेपणा झाला असता. तीन किंवा त्याहून कमी म्हणजे बरे झालेले, ही रेघ मी आखलेली नाही, ती मॅडमनी आखली. मी फक्त हुकमाचा ताबेदार.

बाबांचं मध्ये आणायला नको होतंस.

शेंडेफळ


८ मार्च

नियमवाल्यास,

तुझ्या ऑफिसातल्या बाईंना फोन केला. गोड बोलल्या. त्यांच्याकडून आणखी एक नियम कळला. नात्यातल्या माणसाचा फॉर्म नात्यातल्या माणसानं भरायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. मग हा नियम तुला का आठवला नाही? की तुला सोयीचे तेवढेच नियम पाठ आहेत?

आता मला बाबांच्या भाषेत उत्तर नको. पूर्ण सांग. नाहीतर लिहू नकोस.

ताई


१२ मार्च

ताई,

तीन कागद फाडले. हा चौथा.

फॉर्म भरणारी नर्स त्या दिवशी खालच्या मजल्यावर गेली होती. दहा मिनिटांत आली असती. मी थांबलो नाही. ‘दुखणं राहिलेले’ हा ढीग भरला होता. ‘बरे झालेले’ या ढिगात दोन माणसं कमी पडत होती, आणि जानेवारीअखेर काम पूर्ण झालं नाही तर मशीनची वेळ दुसऱ्या विभागाला जाणार होती. मॅडम रोज विचारत होत्या, ‘आणखी कोणी बरं झालंय का?’

तू तीन म्हणालीस. मी दुप्पट केली, ताई. लगेच केली, सवयीनं. पेन कागदावर टेकलेलं होतं. मला सहा दिसत होते आणि मी तीन लिहिले. तू रुमालानं मान पुसत होतीस, हात बरगडीपासून लांब धरून, कोंबडीच्या पंखासारखा. तेही मी पाहिलं.

आणखीही एक होतं. ते ऐकून तू आणखी चिडशील. मला ते तीन खरे वाटायला हवे होते. तू बरी झालीस असं कुठेतरी लिहिलेलं हवं होतं, म्हणजे मला काळजी करावी लागली नसती. बाबा ‘जरा जड’ म्हणाले तेव्हाही मी दुप्पट केली होती. मग मला भीती वाटली, म्हणून चहा ठेवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं.  त्यांनी कपाटातून एक कागद काढला. तीन आठवडे त्या क्रमांक एकोणीसपाशी अडल्या होत्या. बरे झालेल्यांच्या ढिगात एकटा एकोणीस वेगळा दिसत होता. त्यांना वाटलं, त्या दिवशी मशीन बिघडलं असेल. येत्या सोमवारी तुझं चित्र सदोष म्हणून काढून टाकायचं ठरलं होतं. मग त्या माझ्यावर जे ओरडल्या ते बाहेरच्या बाकावरच्या पेशंटनी ऐकलं. ‘चाळीस माणसांनी आपली डोकी आपल्यावर विश्वास ठेवून दिली आणि तू त्यात स्वतःच्या बहिणीचं खोटं डोकं घातलंस!’ बरोबरच आहे त्यांचं.

मशीनचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. मी आता खाली नोंदणीच्या खिडकीवर बसतो. मॅडम तुला स्वतः फोन करतील. तो मात्र उचल. मशीनच्या चित्रावर त्या काही लिहून देणार नाहीत, एकट्या चित्राचा अर्थ लावता येत नाही हे मी खरंच सांगितलं होतं. पण फॉर्म चुकीच्या माणसानं, चुकीचं आहे हे माहीत असून भरला, एवढं त्या डेपोला कळवतील.

मला जरा वाईट वाटतंय.

शेंडेफळ


२७ मार्च

शेंडेफळास,

तुमच्या मॅडमचा फोन आला. मी जिन्यात जाऊन उचलला. त्यांनी सावकाश विचारलं, ‘जानेवारीत तुम्ही खरोखर किती म्हणाला असतात?’ आणि तुला सांगते, माझ्या तोंडात तीनच आलं होतं. दातांपर्यंत आलेलं. जिन्याचा कठडा धरला आणि म्हटलं, सहा. ‘आणि आज?’ सात. दोन महिने अंगठ्यानं पट्टा ओढून वाढलंच आहे. त्या म्हणाल्या, ‘लिहून घेतलं.’ एवढंच. त्या दोन शब्दांनी मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

परवा पुन्हा तोच टेबल, तीच माणसं. मॅडमचं पत्र मॅनेजरनं मनात वाचलं, मोठ्यानं नाही. माझ्याविरुद्धचं वाचताना मात्र घसा खाकरून वाचत होता. मी म्हटलं, ‘साहेब, हेही मोठ्यानं वाचा. मागच्या वेळी ज्यांनी ऐकलं त्यांना हेही ऐकू दे.’ त्यानं वाचलं. डॉक्टर म्हणाला, पण त्वचेवर तर काहीच नाही. मी म्हटलं, ‘तुमची दाढ दुखते तेव्हा गालावर काय असतं?’ युनियनच्या बाईंना हसू आवरेना.

शेवटी मॅनेजरनं विचारलं, ‘बाई, आत्ता, या खुर्चीवर बसल्या बसल्या, किती दुखतंय?’

मी सात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत पूर्ण आकडा बोलले. छत कोसळलं नाही.

सहा महिने शिकवायचं काम मिळालं आहे. पट्टा नाही, मी शेजारच्या बाकावर बसून ओरडायचं, ते मला जमतं. एक हात सोडल्याबद्दलची ताकीद मात्र कागदावर राहिली, आणि ती योग्यच आहे. बसमध्ये साठ माणसं होती. त्यांच्या जिवाशी मी खेळले, कारण घरीदारी खरा आकडा सांगायला मला लाज वाटत होती. हा राग माझा माझ्यावर आहे, त्यात तुला वाटा नाही.

 घरी आल्यावर दारात चावी लावता लावता तुझे भावोजी म्हणाले, ‘सात? मला तर तू कधी तीनच्या वर सांगितलं नाहीस.’  त्यांना आपल्या घरचं दुप्पट करणं कुठून येणार? मी त्यांच्यावर इतके महिने चिडत होते, आणि ते निम्म्या आकड्यावर जेवढं वागायला हवं तेवढं नीट वागत होते. संध्याकाळी त्यांना आणि सासूबाईंना बसवून सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मग माझ्या गुडघ्याचंही आता खरं सांगते.’ त्यांचं ऐकायला आता दिवस पुरत नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जाईल असं आत्ता वाटत नाही. तू सहा बघून तीन लिहिलेस, हे मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही. बाबांचं तू सांगितलंस, ते मात्र मी दोनदा वाचलं. चहाचं मला ठाऊक होतं. भीतीचं ठाऊक नव्हतं.

आणि एक. ‘जरा वाईट वाटतंय’ असं लिहिलंस. हे मी चालवून घेणार नाही. शून्य ते दहा. किती? पूर्ण सांग.

ताई


३१ मार्च

ताई,

नऊ.

दहा लिहिणार होतो. पण येत्या रविवारी मी सहा तासांचा प्रवास करून तुझ्या दारात उभा राहणार आहे, आणि तू दार उघडशील तेव्हासाठी एक शिल्लक ठेवलाय.

शेंडेफळ